हिल्माच्या मापाचं

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी हिल्मा राउतिओ नेहमीसारखी पावणेदहाला जुन्या शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. तळघरातलं दुकान दहाला उघडायचं, पण दहाला येणाऱ्या बाईच्या वाट्याला उरलंसुरलं येतं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बर्फ अजून धरला नव्हता. सरोवराकडून ओला, लोखंडासारखा वास येणारा वारा सुटला होता.

शाळा मुलांअभावी बंद पडली, त्याला बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून चर्चच्या बायका तळघरात जुन्या कपड्यांचं दुकान चालवत. म्हाताऱ्यांच्या मागे राहिलेले कोट, नवरा सोडून गेलेल्या बायकांनी संतापाने दिलेले सदरे, उन्हाळ्यात शिकागोहून सरोवराकाठी राहायला येणाऱ्या श्रीमंतांनी एकदाच घालून टाकलेले रेशमी झगे, सगळं पिशव्यांमध्ये भरून मागच्या पायरीवर येऊन पडायचं. बायका ते निवडत, किमतीची रंगीत चिठ्ठी टाचत आणि दांड्यांवर लटकवत. रंग पाच होते. दर गुरुवारी एक रंग निम्म्या किमतीला निघायचा.

या रंगांनी गावातल्या बायकांना एक विद्या शिकवली होती. आवडलेल्या कपड्याची चिठ्ठी पिवळी असेल आणि पिवळ्याची पाळी दोन आठवड्यांनी येणार असेल, तर तो कपडा लपवायचा. प्रत्येकीची जागा ठरलेली. हिल्माची जागा पुरुषांच्या सुटांच्या दांडीवर अगदी शेवटी, दोन अगडबंब तपकिरी सुटांच्या मधे होती. गावातल्या पुरुषांना सूट फक्त शवपेटीत लागतो आणि तिथे घरचाच चालतो, त्यामुळे त्या सुटांना कुणी हात लावत नसे. ही जागा तिने आयुष्यात एकाच माणसाला दाखवली होती, मुलीला, कारिनला.

हिल्माने तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले. पण रविवारी चर्चमध्ये तिच्याकडे पाहून तसं वाटत नसे. कापड ती आधी उलटं करून बघायची. पुढून सगळेच कपडे गोड बोलतात, म्हणायची. खरं काय ते अस्तराला विचारा. शिवणीत जादा कापडाची माया किती सोडली आहे, टाका मशीनचा की हाताचा, तिला बोटांनीच कळायचं.

"काय गं, आज कुणाच्या मयताचा माल आलाय?" मागून डोलोरेस किन्नुनेन आली. ही तिची बारा वर्षांची प्रतिस्पर्धी.

"तुझ्या नाही, एवढं नक्की," हिल्मा म्हणाली. "तुझे कपडे आले असते तर वासावरून कळलं असतं."

दार उघडलं. इर्या पेल्तोने, ब्याऐंशी वर्षांच्या म्हातारीने, दोघींकडे चष्म्यावरून पाहिलं आणि कॉफीची किटली ठेवायला गल्ल्याकडे वळली.

त्या दिवशी हिल्माला करड्या लोकरीचं जाकीट मिळालं. अस्तर शाबूत, बटणं शिंगाची. तिने ते अंगावर न चढवताच घेतलं, कारण दुकानात कपडे घालून बघणं तिने सहा वर्षांपूर्वी सोडलं होतं. घरी येऊन आरशासमोर उभं राहून तिने बटणं लावली आणि तिचा हात मधेच थांबला.

सहा वर्षांपूर्वी हिल्माचा डावा स्तन काढला होता. हे डॉक्टरला ठाऊक होतं, कारिनला ठाऊक होतं आणि नवऱ्याला होतं, तो तर आता नव्हता. बाहेर जाताना ती डाव्या बाजूला मोजे गुंडाळून ठेवायची आणि वरून रुमाल सोडायची. हे जाकीट मात्र डाव्या बाजूला सपाट बसत होतं. तिने ते उलटं केलं. मूळची उभारी हाताने टाके घालून आत घेतली होती आणि तिथे कापडाची चुणी दाबून एक लांब टक्स मारला होता, बारीक, एकसारखा. उजवी बाजू होती तशीच होती.

तिला वाईट वाटलं. आपल्यासारखीच कुणीतरी असणार, गेली बिचारी. ती जाकीट घालून रविवारी चर्चला गेली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा रुमालाशिवाय बसली.

पुढच्या आठवड्यात निळा झगा मिळाला. त्यालाही डावा टक्स होता. त्याच बाईचा, असं हिल्माने स्वतःला सांगितलं. पण झग्याचा डावा खांदा बोटभर खाली उतरवलेला होता आणि शस्त्रक्रियेपासून हिल्माचा डावा खांदा बोटभर खालीच असायचा. तिसऱ्या कपड्यात, एका पांढऱ्या सदऱ्यात, डाव्या काखेच्या शिवणीवर आतून मऊ फ्लॅनेलचं ठिगळ होतं. नेमकं तिथे, जिथे तिचा व्रण घासायचा.

हे मात्र नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

ती स्वयंपाकघरात सदरा मांडीवर घेऊन बसली. कॉफी निवून गेली. कुणीतरी आपली चेष्टा करतंय, हा पहिला विचार. कुणीतरी आपली कीव करतंय, हा दुसरा. दोन्हींतलं वाईट कोणतं, तिला ठरवता येईना.

तिने आधी कारिनला फोन लावला. "तू मला कपडे पाठवतेस का? दुकानातून?"

"आई, मला माझ्या बटणाला दोरा ओवता येत नाही," कारिन म्हणाली. "काय झालंय?"

"काही नाही गं."

मग डोलोरेस. हिल्माने तिला दांड्यांमध्ये गाठलं. "माझ्या मापाचे कपडे तू शिवून इथे ठेवतेस?"

डोलोरेसने हातातला हँगर खाली ठेवला. "मी? तुझ्यासाठी?" ती हसली, पण थोडंच. "अगं, मी तुझ्या हातातलं काढून घेते. तुला आणून देईन का? बरी आहेस ना तू?"

शेवटी इर्या. म्हातारी मागच्या खोलीत बसून तुटलेली बटणं लावायची, त्यामुळे संशय तिच्यावर सगळ्यात जास्त होता. हिल्माने निवडायच्या कामाला स्वतःचं नाव दिलं आणि तीन आठवडे प्रत्येक पिशवी स्वतःच्या हाताने उपसली. एकूण एक कपडा तिच्या बोटांखालून गेला. तिसऱ्या गुरुवारी दार उघडलं तेव्हा दांडीवर एक मरून स्वेटर होता, तिने कधीच न पाहिलेला. डाव्या बाजूला टक्स. चिठ्ठी टाचलेली.

"इर्याबाई, ही चिठ्ठी तुम्ही लिहिली?"

म्हातारीने ती डोळ्यांजवळ नेली. "सातला मधे रेघ आहे. माझाच सात."

"मग हा स्वेटर कुठून आला?"

"ते नाही आठवत." इर्याने चिठ्ठी परत दिली. तिचा हात किंचित थरथरत होता, पण तो वयामुळे नेहमीच थरथरायचा. त्या हाताने इतके बारीक टाके पडणं शक्यच नव्हतं. हिल्मा ते आजवर विसरलीच होती.

तिने स्वेटर परत दांडीला अडकवला आणि ठरवलं की या दुकानातून आता काही घ्यायचं नाही. ठरवणं सोपं होतं. पुढच्या गुरुवारी ती पावणेदहाला तिथेच उभी होती.

त्याच दिवशी बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या रंगाचा लोकरी झगा तिच्या हाताला लागला. असा कपडा दहा वर्षांत एखादा येतो. कारिनची महिनाअखेरीस मार्केट नावाच्या शहरात मुलाखत होती, शाळेच्या उपमुख्याध्यापिकेच्या जागेसाठी. तिच्याकडे धड झगा नव्हता. माप हिल्माचंच, म्हणजे कारिनचंही, पण बाह्या लांब होत्या. कारिनचे हात लहानपणापासून लांब. कुठलाही कपडा घ्या, मनगट उघडं पडायचं. या झग्याच्या बाह्यांना खाली त्याच कापडाची पट्टी जोडून लांबी वाढवली होती. हिल्माला इतका आनंद झाला की झगा उलटा करायचं ती विसरली.

मग तिने तो उलटा केला.

डावी बाजू भरलेली होती. उजव्या बाजूला लांब टक्स होता. बारीक, एकसारखा.

तळघरात दिवे होते, बायकांची कुजबुज होती, कुठेतरी हँगर दांडीवर घासत होता. हिल्माला त्या सगळ्याच्या खाली ओल्या कापडाचा आणि कापराचा वास आला. झगा तिथे सोडवेना. घेऊन घरी न्यायचा तर त्याहून नको. तिने इकडेतिकडे पाहिलं, सुटांच्या दांडीकडे गेली आणि दोन तपकिरी सुटांच्या मधे तो खोल कोंबला. कुणाच्या दृष्टीस पडायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बारा वर्षांच्या सवयीने हात जिथे जायचा तिथे गेला.

शनिवारी दुपारी कारिन आली. हातात दुकानाची कागदी पिशवी.

"आई, तू पण ना. माझ्यासाठी लपवून ठेवलास आणि सांगितलंसुद्धा नाहीस. सुटांमध्ये बघितलं, तर हा." तिने हिरवा झगा बाहेर काढला. "बाह्या बघ. जन्मात पहिल्यांदा मनगट झाकलं. इथे उजवीकडे तेवढं आवळतंय, कुणीतरी काहीतरी वेडंवाकडं शिवलंय. उसवून देतेस?"

हिल्माने झगा तिच्या हातातून घेतला. "तू डॉक्टरकडे कधी गेली होतीस?"

"कशाला?"

"तपासायला."

"पुढच्या वर्षी आहे की." कारिनने आईचा चेहरा पाहिला आणि खुर्ची ओढून बसली. "काय झालं? आई... बोल ना."

हिल्माने सांगितलं. जाकीट, झगा, सदरा, सगळं पलंगावर मांडून दाखवलं. कारिनने आतले टाके पाहिले, त्यावरून बोट फिरवलं. बाहेर बर्फ पडायला लागला होता, आवाज न करता.

"कपड्यांना भविष्य कळतं, असं तुला म्हणायचंय?"

"मला काही म्हणायचं नाही. तू जा फक्त."

"मुलाखतीआधी?"

"उद्या जा म्हटलं तरी जा. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय?"

कारिनने सदऱ्याची घडी घातली. मग म्हणाली, "जाते. पण तुझ्यासाठी. त्या झग्यासाठी नाही."

ती गेल्यावर हिल्मा खिडकीशी बसून टक्स उसवायला लागली. एरवी जुना दोरा जागोजागी तुटतो. हा तुटला नाही. तो निघत गेला, निघत गेला, एकसलग, आणि संपला तेव्हा त्याला दोन्ही टोकांना गाठ नव्हती. गाठीशिवाय टाका धरत नाही, हे शिवणारी कुठलीही पोर सांगेल. हिल्माने तो सौनाच्या, घरामागच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत टाकला. जळताना केसांसारखा वास आला. रेशीमही जळताना तसाच वास देतं, हे तिला ठाऊक होतं. रेशीमच असेल.

कारिनच्या उजव्या स्तनात मसुरीएवढी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाली, वर्षभर थांबला असतात तर सगळाच काढावा लागला असता. आता तेवढाच भाग काढला, किरणोपचार झाले आणि मार्चपर्यंत कारिन हिंडूफिरू लागली. मुलाखत पुढे ढकलली होती. ती हिरवा झगा घालून गेली आणि नोकरी मिळवून आली. झगा तिला दोन्ही बाजूंनी नीट बसत होता.

याने हिल्माचं समाधान व्हायला हवं होतं. चर्चमध्ये तिने डोळे मिटून आभारही मानले, पण कुणाचे ते तिला कळेना. टाके आधी पडले आणि गाठ नंतर, की गाठ आधी? ज्याने शिवलं त्याने सावध केलं, की ज्याने शिवलं त्यानेच...? इथे तिचा विचार दर वेळी अडायचा. उसवता येतं, एवढं मात्र तिच्या मनाने धरलं.

मग ती दुकानात छोटी कात्री घेऊन जायला लागली. विकत घेण्यासाठी नव्हे. एका लाकूडतोड्याच्या विजारीचा एक पाय गुडघ्यापाशी आत दुमडून शिवलेला तिला सापडला. तिने तो तिथेच उभ्याउभ्या उसवला. एका तरुण मुलीच्या सदऱ्याची डावी बाही टोकाशी बंद केलेली होती, तीही उसवली. दोरे खिशात घालून घरी न्यायची, चुलीत टाकायची. बायका बघायच्या.

"आता उंदरासारखी कुरतडायला लागलीस," डोलोरेस म्हणाली. मग आवाज खाली आणून, "हिल्मा, लोक बोलतात गं. कारिनच्या आजारपणाने तुझं... असू दे. चल, माझ्याकडे कॉफी घे. वेलदोड्याचा पाव केलाय."

"तुझा कोट इकडे दे," हिल्मा म्हणाली. "आतून बघू दे."

डोलोरेसने कोट दोन्ही हातांनी अंगाशी घट्ट धरला आणि ती मागे सरकली. त्यानंतर ती हिल्माशी फार बोलली नाही.

मार्चच्या शेवटच्या गुरुवारी जांभळ्या रंगाचा कोट आला.

बाहेर वितळलेल्या बर्फाचा राडा होता आणि तळघराच्या खिडक्यांतून करडा उजेड येत होता. कोट लोकरीचा, गळ्याला मखमल, बटणं कापडाने मढवलेली. पिवळी चिठ्ठी. हिल्माने पुढून पाहिलं, टक्स नव्हता. दोन्ही बाजू सारख्या. खांदे सारखे. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि कोट फिरवला.

पाठ कापलेली होती. गळ्यापासून खालच्या काठापर्यंत सरळ, आणि दोन्ही कडांना तुरपाई घालून आडवे फितीचे बंद लावलेले.

अशी पाठ हिल्माने एकदाच पाहिली होती. तिची आई गेली तेव्हा अंत्यविधीवाल्याने आईचा आवडता कोट मागितला आणि तो पाठीतून कापला. ताठरलेले हात एरवी बाहीत जात नाहीत. पुढून घालायचा, मागे बंद बांधायचे आणि निजवायचं. पाठ कोण बघतंय.

तिने कात्री काढली आणि परत पर्समध्ये ठेवली. उसवण्यासारखं काही नव्हतं. कापलेलं उसवता येत नाही.

कुणाचा? तिने बाह्या पाहिल्या. मनगटाशी त्या रुंद दुमडल्या होत्या आणि दुमड नुसतीच इस्त्री केलेली होती, शिवलेली नव्हती. दुमड ठेवली तर लांबी हिल्माच्या हाताएवढी. सोडली तर कारिनच्या.

ती तिथे किती वेळ उभी होती, तिला नंतर आठवेना. कोट तिथेच ठेवला तर डोलोरेस उचलेल, पाठ शिवून घ्यायला काय लागतं म्हणेल. लपवला तर कारिन शोधून काढेल; शनिवारी तिची दुकानात चक्कर असायचीच, आणि नव्या नोकरीला कोट हवा होता. फाडून जाळला तर... ते तिला करून बघायचं नव्हतं. मुलीच्या जिवावर तिला कशाचीही परीक्षा घ्यायची नव्हती.

तळघराच्या टोकाला, मुलांच्या जुन्या बाकावर, हिल्मा कोट मांडीवर घेऊन बसली. पर्समधून सुई काढली. काळ्या दोऱ्याचा दुहेरी पदर घेतला, शेवटाला नीट गाठ मारली आणि बाह्यांची दुमड जागच्या जागी शिवून टाकली. आधी डावी, मग उजवी. टाका टाक्याला लागून घातला, की कुणाला सहज सोडवता येऊ नये. मग हात बाहीला लावून पाहिला. बाही मनगटावर संपत होती. तिच्या.

कोट दोन्ही हातांवर घेऊन ती गल्ल्याशी गेली. दुकानात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

"पिवळ्याची पाळी पंधरा दिवसांनी आहे," इर्या म्हणाली.

"माहीत आहे. आजच घेते, पूर्ण किमतीला."

बारा वर्षांत हिल्माने हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. इर्याने चष्मा सारखा केला. तिने कोटाकडे पाहिलं, मग हिल्माच्या अंगाकडे, मग पायऱ्यांकडे, आणि पुन्हा कोटाकडे.

"पण हा तर तू मघाशीच घेऊन गेलीस," ती म्हणाली.

"मी नाही, इर्याबाई. मी तिकडे बाकावर होते."

"घालूनच गेलीस. मी इथेच बसले होते."

हिल्माने वळून पायऱ्यांकडे पाहिलं. "कारिन असेल... ती आणि मी मागून सारख्या दिसतो."

"कारिनचा बाप्तिस्मा मी पाहिलाय. ती मला ओळखू येणार नाही होय? तूच होतीस. डावा खांदा असा उतरलेला."

किटलीखालची शेगडी हलकी गुणगुणत होती. हिल्माने कोट गल्ल्यावर ठेवला आणि त्यावर दोन्ही पंजे पसरले, तो उठून जाईल अशा भीतीने.

"बाह्या," ती म्हणाली. "तिच्या बाह्या कशा होत्या? आठवा. लांब होत्या की..."

"दुमडलेल्या." इर्याने स्वतःचं मनगट दाखवलं. "इथवर. काळे टाके वरून दिसत होते. म्हटलं, हिल्माचं शिवण आणि टाके वर?"

हिल्माने डोळे मिटले. कारिनचा नाही. कारिनचा नव्हे. तिने पर्स उघडली आणि नोटा गल्ल्यावर ठेवल्या.

इर्याने नोटांना हात लावला नाही. ती पायऱ्यांकडेच बघत होती.

"मी तुला म्हटलंसुद्धा," ती हळूच म्हणाली. "पाठ उघडी आहे गं, वारा लागेल..."

"मग? मी काय म्हणाले?"

"आता नाही लागत, म्हणालीस."